मोटर बिअर प्यायली तेव्हा

गारा पडत होत्या आणि एक पांढरी मिनीबस साउसेस गल्लीच्या चढावरून उलटी, मागच्या मागे, माझ्या अंगावर येत होती. आवाज म्हणाल तर काहीच नाही. माझा जन्म बोलिव्हियातल्या ला पास शहरात गेलाय, मिनीबस अंगावर येण्याचं मला कौतुक नाही. पण इथली मिनीबस आधी खोकते, धूर सोडते, दारातून पोऱ्या ओरडतो आणि मग अंगावर येते. ही बया गुपचूप आली. मी भिंतीला पाठ लावून श्वास रोखला... आणि मागचा बंपर माझ्या गुडघ्यापासून वीतभरावर येऊन थांबला.

खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. ओले केस, कानावर पेन्सिल.

"लागलं नाही ना तुम्हाला?"

"लागलं असतं तर उत्तर दिलं असतं का मी?"

"नाही, म्हणजे... तुम्ही ओरडला नाहीत, म्हणून विचारलं."

"तुमची गाडी ओरडली का? मग मी कशाला ओरडू?"

तो हसला. गारा त्याच्या केसांत अडकत होत्या आणि तो डोकं आत घ्यायचं विसरला होता. मला एवढा राग आला होता की मी सरळ कामाचंच बोलले.

"वर चढताना बरी चढली. मध्येच थांबवलीत, पुन्हा उचलायला गेलात आणि मागे आली. असंच ना?"

"तुम्ही बघत होतात?"

"मी आत्ता कोपऱ्यावरून वळले. सकाळपासून चालवताय ना? मोटर तापलीये. रोटर तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, पण तुमच्या कंट्रोलरला त्याचा पत्ता नाही. तो बिचारा अजून सकाळच्या थंड मोटरलाच हुकूम सोडत बसलाय."

त्याच्या कानावरची पेन्सिल गारांमध्ये पडली. ती त्यानं उचलली नाही.

"कोण तुम्ही?"

"दानित्सा पोमा. साबिनो मास्तरांच्या वर्कशॉपमध्ये आजपासून कामाला येतेय. कुठेशी आहे ते?"

"आता काय सांगू," तो म्हणाला, "तुम्ही त्याच वर्कशॉपच्या गाडीखाली येत होतात."

हा लिंबेर्त चोके. त्यानं मला दिलेला हा पहिला धक्का.

एक सांगते, मी धक्का बसणारी बाई नाही. माझा धंदाच तसा आहे. रोबस्ट कंट्रोल शिकलेल्या माणसाच्या डोक्यात एकच प्रश्न ठोकून बसवलेला असतो - वाईटात वाईट काय होईल? मोटर तापेल, बारा जणांच्या गाडीत वीस कोंबतील, चढ ओला असेल, बॅटरी उतरलेली असेल, आणि हे सगळं एकाच वेळी होईल. मोटर कशी आहे ते आपल्याला ठाऊक आहे असं धरायचंच नाही. ती कुठवर बिघडू शकेल त्याची हद्द आखायची आणि त्या हद्दीत काहीही झालं तरी गाडी सुटणार नाही असा कंट्रोलर बांधायचा. मी घरातही तशीच. आई म्हणते, हिला लग्नाला नेलं तरी ही आधी मागचं दार कुठे आहे ते बघून ठेवते.

आणि लिंबेर्त नेमका उलट. त्याचं म्हणणं, अंदाज कशाला, मोजा की. रोज सकाळी थंड मोटरच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजायचा, दुपारी चढावरून आल्यावर गरम कॉइलचा मोजायचा. मास्तरांनी या विजेच्या गाडीला इंडक्शन मोटर घेतली कारण तिच्यात चुंबक नाही, बाहेरदेशातून काही मागवायला नको. जळलीच तर आमच्याच गल्लीतला वाइंडर नवी तार भरून देतो. पण त्या मोटरीची एक खोड आहे. आत फिरणाऱ्या रोटरला वायर जोडलेलीच नसते. त्याच्या पोटात काय चाललंय ते बाहेरूनच ओळखावं लागतं.

"तू तिच्यावर विश्वासच ठेवत नाहीस," तो मला म्हणायचा. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही अहो-जाहो सोडलं होतं.

"मी कोणावरच ठेवत नाही. तिनं काय घोडं मारलंय?"

"माझ्यावर पण नाही?"

"तू आणखीच अवघड. मोटरचा निदान कागद तरी असतो."

यावर तो गप्प बसून हसायचा. हे त्याचं गप्प हसणं म्हणजे... जाऊ दे.

दुसरा धक्का आपीच्या गाडीवर. थंडीत सगळे कोपऱ्यावर जाऊन जांभळ्या मक्याची गरम आपी पितात. मी तोंड उघडायच्या आत लिंबेर्त त्या बाईंना म्हणाला, "हिच्या आपीत साखर निम्मी, दालचिनी नको, आणि पुरी फुगलेली द्या, चपटी दिली तर ती बोटानं बाजूला सारते."  हे सगळं मी कधीच कोणाला सांगितलेलं नव्हतं. माझ्या आईलासुद्धा माहीत नव्हतं.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"मोजलं," तो म्हणाला, आणि पेला माझ्या हातात देताना त्याची बोटं जरा जास्तच वेळ राहिली. मीही माझी काढून घेतली नाहीत. आपी सांडली थोडी.

आमची भांडणं साल्तेन्यांवर मिटायची. साल्तेन्या म्हणजे रसानं भरलेली करंजी. ती उभी धरून, टोक खाऊन, एक थेंब न सांडता संपवता आली पाहिजे. ज्याची सांडेल त्यानं त्या दिवशी दुसऱ्याचं ऐकायचं. मी लहानपणापासून मिनीबसमध्ये उभ्यानं खात आलेय, माझा थेंब पडत नाही. लिंबेर्तचा शर्ट रोज पिवळा. बरेच दिवस मला वाटत होतं की याला खाताच येत नाही. मग एकदा मी लांबून पाहिलं, तो एकटा खात होता आणि एक थेंब सांडला नाही. मला एवढा धक्का बसला की माझीच सांडली.

मला तो आवडत होता. स्पष्टच सांगते, उगाच आडपडदा नको.

पण माझ्या डोक्यातला प्रश्न कुठे गप्प बसतोय? वाईटात वाईट काय होईल? उत्तर समोरच होतं. लिंबेर्तला ब्राझीलमधल्या एका मोठ्या मोटर कारखान्यातून बोलावणं आलं होतं. आणि आमच्या वर्कशॉपचं भवितव्य एका चढावर लटकलेलं. ड्रायव्हरांच्या संघटनेनं ही गाडी पसंत केली तर मास्तर आणखी गाड्या बांधणार. नापसंत केली तर कुलूप. साउसेसच्या मधोमध, भरलेली गाडी थांबवायची, ब्रेक सोडायचा आणि मागे न घसरता पुन्हा उचलायची, एवढीच त्यांची अट. गाडी घसरली म्हणजे लिंबेर्त गेला.

म्हणून मी हद्द आखून टाकली. बोलायचंच नाही. न बोललेलं मोडत नाही.

संघटनेच्या अध्यक्ष कोण म्हणाल, तर दोन्या, म्हणजे बाईसाहेब, आसुंता पोमा. माझी आई. वीस वर्षं मिनीबस चालवतेय, घोळदार घागरा सावरून क्लच दाबते, आणि तिच्यासमोर मोठमोठे ड्रायव्हर टोप्या काढतात. मी तिला आडून आडून विचारून पाहिलं, "आई, थोडं सांभाळून घेशील ना?" ती म्हणाली, "तुझ्या बारशाला मिनीबसनं गेले तेव्हाही मी तिकिटाचे पैसे दिले होते. माझ्याकडे ओळख चालत नाही."

चाचणीचा दिवस ठरला कार्निवलचा मंगळवार, चाल्याचा दिवस. त्या दिवशी घर, दुकान, गाडी, जे जे आपल्याला पोसतं त्याला फुलं वाहायची, रंगीत कागदाच्या माळा गुंडाळायच्या आणि पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, तिचा घोट पाजायचा. चाल्या न केलेल्या गाडीत आमचे ड्रायव्हर पाऊल ठेवत नाहीत. आणि चाल्या केलेली गाडी त्याच दिवशी चालली नाही, तर तिला जन्मात हात लावत नाहीत.

सकाळी साउसेसच्या पायथ्याशी नुसती गर्दी. वाजंत्री आलेली, पोरं एकमेकांवर फेस उडवतायत, आमच्या पांढऱ्या मिनीबसला माळांमुळे पांढरा रंग उरला नव्हता. ड्रायव्हर मागचं झाकण उघडून मोटर बघत होते.

"एवढीशी? माझ्या बायकोचा कुकर मोठा आहे याच्यापेक्षा."

लिंबेर्त त्यांना सगळं उघडून दाखवत होता. मोटरच्या टोकाचं छोटं झाकणही त्यानं काढलं. "हा हिचा डोळा. मोटर किती वेगानं फिरतेय ते हा सेन्सर सांगतो."

तेवढ्यात आईनं हाक मारली. "दानी, पहिली बाटली तुझी. गाडी तुझी आहे."

मी पाच वर्षांची असल्यापासून दरवर्षी आईच्या गाडीला चाल्या करत आलेय. आधी जमिनीला घोट, मग चारही चाकांना थोडा थोडा, आणि उरलेली सगळी बाटली इंजिनावर. कारण इंजिन सगळ्यात जास्त राबतं, त्याला सगळ्यात जास्त पाजायचं. हात आपोआप चालतो. जमीन झाली. चाकं झाली. वाजंत्री सुरू झाली, आईनं मुठीनं साखर उधळली, आणि मी बाटली उलटी केली.

फेस आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी वळले, आणि लिंबेर्तचा चेहरा पाहिला. भिंतीला चुना फासतात तसा झाला होता.

"दानी... तू काय ओतलंस?"

"बिअर."

"किती?"

"बाटली."

त्यानं हळूच मोटरकडे बोट केलं. उघड्या झाकणात बिअर साठली होती आणि तिच्यावर गुलाबाची एक पाकळी तरंगत होती. मी लॅपटॉपकडे धावले. सेन्सरची रेघ आडवी. मेलेली.

 मी काय काय धरलं नव्हतं? तापलेला रोटर, ओला रस्ता, जास्तीची माणसं, उतरलेली बॅटरी. माझ्या वाईटात वाईटाच्या यादीत सगळं जग होतं. मी स्वतः नव्हते.

"दुसरा सेन्सर?" मी विचारलं.

"आहे. दुकानात. दुकान बंद. दुकानदार नाचतोय." लिंबेर्त माझ्या शेजारी उकिडवा बसला. मी उगाच एकच की पुन्हापुन्हा दाबत होते. त्यानं माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि लगेच उचललाही. "तू सेन्सरशिवायची वाट ठेवली आहेस ना कंट्रोलरमध्ये? मीच हसलो होतो तुला."

"आहे. व्होल्टेज आणि करंट बघून तो वेग ओळखतो. पण चालत्या मोटरचा. थांबलेली मोटर त्याला दिसतच नाही, लिंबेर्त. आंधळा होतो तो. आणि नेमकं थांबायचंच आहे."

"अगदीच आंधळा नाही. कॉइलचा रेझिस्टन्स बरोबर ठाऊक असेल तर चाचपडत का होईना, ओळखतो. तू काय धरलायस?"

"काहीच नाही. मोठी हद्द ठेवलीये. इतकी मोठी की तो घाबरून जोरच लावणार नाही."

"मग आवळ हद्द. कॉइल मला पाठ आहेत. थंड किती, तापल्यावर किती, गारा पडल्या तर किती. मी सांगतो, तू भर."

मी लॅपटॉप जवळ ओढला. "आणि तू चुकला असलास तर?"

"थोडी जागा ठेव," तो म्हणाला. "तुझ्या समाधानापुरती."

त्यानं आकडे सांगितले, मी भरले. दुसऱ्याचा शब्द मी पडताळून न पाहता घेतला, तो आयुष्यात पहिल्यांदा. मग उठून आईकडे गेले आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं की सेन्सर मीच मारलाय, गाडी आता अंदाजावर चालेल, चाचणी पुढे ढकला.

आईनं वाकून मोटरीत पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे मोटर झिंगली म्हणतेस."

ड्रायव्हर खो खो हसले. मला रडू येत होतं.

"आई, थट्टा नको. घसरेल ती."

"चाल्या झालीये. चढेल तर आजच, नाहीतर कधीच नाही, हे तुला मी सांगायला हवं?" तिनं टोपी नीट केली. "माणसं उतरवा. बटाट्याची पोती भरा, बाजारातून आलीयेत ती. मी चालवते. हातब्रेक माझ्या हातात. चढाच्या खाली एकही माणूस नको."

पोती भरली. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन मागच्या सीटवर. गाडी निघाली, आणि काय सांगू, लोण्यासारखी चढली. दोन्ही बाजूंना भिंतीला टेकून लोक टाळ्या वाजवत होते. चढ सगळ्यात उभा होतो तिथे आईनं गाडी थांबवली आणि हातब्रेक ओढला.

मी मागच्या काचेतून सहज खाली पाहिलं.

लिंबेर्त गाडीच्या मागे उभा होता. हातात लाकडी पाचर, चाकाला लावायची. पाचर घेऊन बाजूला उभं राहतात, हे इथलं शेंबडं पोर जाणतं. तो बाजूला नव्हता. मधोमध उभा होता. बंपरपासून वीतभरावर... मी त्या दिवशी उभी होते, अगदी तसाच.

मी काच खाली सरकवली. "बाजूला हो."

"कशाला?"

"लिंबेर्त, मी हात जोडते. बाजूला हो."

"कंट्रोलर तुझा आहे ना?" तो म्हणाला. "मग मी बरा आहे इथे."

"आई, थांब, ब्रेक सोडू नको..."

आईनं ब्रेक सोडला.

गाडी दबली. बोटभर मागे आली. मला ते बोट अजून आठवतं. त्या बोटभरात मी त्याला ब्राझीलला पाठवलं, पुरलं, आणि न बोललेलं सगळं एकदम ओठांवर आलं. मग मोटरनं खालच्या आवाजात हुंकार दिला. गाडी थबकली. चाचपडली. आणि बटाट्यांसकट, माळांसकट, सरळ वर निघाली.

वाजंत्र्यांनी जे काही वाजवलं ते मी ऐकलं नाही. गाडी चार घरं वर जाऊन पुन्हा थांबली तशी मी दार उघडून उडी टाकली आणि धावत खाली आले. तो तिथेच उभा. केसांत रंगीत कागद, पाचर दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलेली. ते बघून तर मला जास्तच राग आला.

"वेड लागलंय का तुला? आकडे तुझे होते. एक जरी चुकला असता तर?"

"तर मीच सापडलो असतो. हिशेब सरळ."

"सरळ? तुझा हिशेब सरळ, आणि माझा?" आता माझा आवाज माझ्या ताब्यात नव्हता. "तू नसलास तर मला नाही चालणार. कळलं? मी सगळ्याची तयारी ठेवते, याची नाहीये. होत नाही माझ्याकडून. आता जायचं तर जा ब्राझीलला, पण हे ऐकून जा."

त्यानं केसांतला कागद झटकला. मग पायाकडे बघत म्हणाला, "ब्राझीलला मी... नाही म्हणून कळवलंय."

"कधी?"

"झाले की बरेच दिवस. आपीच्या गाडीवर तुझी आपी सांडली ना, त्याच दुपारी."

मी तोंडात बोट घालायचंच बाकी होतं. तेव्हा तर गाडी रोज घसरत होती. तेव्हा तर मी त्याच्याशी उठसूट भांडतच होते.

"म्हणजे काहीच नक्की नसताना? आणि गाडी चढली नसती तर?"

"तर बेकार झालो असतो. पण साउसेस गल्लीत बेकार."

"मग बोलला का नाहीस इतके दिवस?"

"तू विचारलंस कुठे? तू कायम एकच विचारतेस, वाईटात वाईट काय होईल." त्यानं पाचर एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "एकदा तरी विचार ना... चांगल्यात चांगलं काय होईल?"

हा प्रश्न मला कोणी शिकवलेलाच नव्हता. मला तो नीट विचारताही आला नाही. नुसते ओठ हलले असतील. पण त्यानं ओळखलं. आत काय चाललंय ते बाहेरून ओळखायचा त्याला सराव होता. त्यानं पाचर खाली ठेवली, माझ्या बिअरनं चिकट झालेल्या हाताची बोटं आपल्या बोटांत घेतली आणि कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं. भिंतीपाशी कोणीतरी शिट्टी मारली.

वरून हॉर्न वाजला. आईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं, टोपीसकट.

"ब्रेक सोडून बसलेय मी मघापासून," ती म्हणाली. "हलत नाही ही, जागची हलत नाही. गाडी पसंत आहे. पोरगाही बरा दिसतोय. पण हे बटाटे मला संध्याकाळी लागणारेत, तेव्हा या आता वर."

मी थक्क होऊन वर पाहिलं. एवढा वेळ, आमचं भांडण होईपर्यंत, मिटेपर्यंत, ती अख्खी गाडी चढावर नुसत्या मोटरच्या जोरावर तोलून उभी होती. सेन्सर मेलेला, पोटात बिअर.

लिंबेर्तनं माझा हात न सोडता तिकडे पाहिलं. "रोटर तापला असेल गं आता."

"तापू दे," मी म्हटलं. "तेवढी जागा ठेवलीये मी."

आणि आम्ही चढायला लागलो.